पाकिटावरचं नाव की बारनिशीतला तक्ता? वेबसाइटचा पत्ता कामापर्यंत कसा पोचतो

दिवाळी पाडव्याचे गुळाचे मुहूर्ताचे सौदे होऊन आठवडा झाला असेल. कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी मी कॉलेजच्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंग शिकवतो. कागलहून येणारा एक मुलगा त्या दिवशी लॅपटॉप उघडाच घेऊन आत आला. त्याच्या मामांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. त्यांच्यासाठी त्याने छोटी वेबसाइट केली होती. कुठल्या शेतकऱ्याचे किती रवे (गुळाच्या ढेपा) आले, कुणी घेतले, काय दर निघाला, एवढं त्यात नोंदवायचं. काम नीटनेटकं होतं.

ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याचा शेवट /सौदे/पाहा/२५ असा दिसत होता. त्याच्या मित्राने गंमत म्हणून ‘पाहा’ खोडून तिथे ‘पुसा’ लिहिलं होतं आणि एंटर दाबलं होतं. पंचविसावा सौदा गायब.

“सर, पुसायचं बटण मी ठेवलंच नाही की ओ अजून. मग पुसलं कुणी?”

मी त्याला लॉगआउट करायला लावलं आणि सव्विसाव्या सौद्यावर तेच करून बघ म्हटलं. तोही गेला. पासवर्ड न विचारता. पोराचा चेहरा उतरला.

हा लेख त्याच्या त्या प्रश्नासाठी आहे. सातबारा, निकाल, वीजबिल, बसचं आरक्षण अशी आपली निम्मी कामं आता कुठल्या ना कुठल्या पत्त्यावरून चालतात. त्या पत्त्यातले शब्द सर्व्हरवरच्या नेमक्या कामापर्यंत कसे पोचतात, ही वाट कोण ठरवतं आणि ती ठरवताना कुठे चुकतं, हे कोड न लिहिणाऱ्यालाही कळू शकतं. (त्या मुलाच्या साइटचे पत्ते इंग्रजीत होते. वाचायला सोपं जावं म्हणून इथे मराठीत लिहितोय.)

पट्टीतला मजकूर सर्व्हरला कसा दिसतो

पत्ता लिहून एंटर दाबलं की सर्व्हरकडे, म्हणजे वेबसाइट जिथे चालते त्या संगणकाकडे, एक छोटी चिठ्ठी जाते. तिला विनंती म्हणतात. तिची पहिली ओळ अशी असते:

गेट /सौदे/पाहा/२५ एचटीटीपी/१.१

ओळीचे तीन तुकडे आहेत. ‘गेट’ हे क्रियापद, म्हणजे ‘मला हे दे’. मधला तुकडा हा मार्ग. शेवटी कुठल्या बोलीत बोलतोय त्याची आवृत्ती; ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या या बोलीला एचटीटीपी म्हणतात. खाली आणखी काही ओळी असतात: कुठल्या साइटसाठी विनंती आहे, ब्राउझर कोणता, लॉगिन केलं असल्यास त्याची खूण. एचटीटीपीच्या नव्या आवृत्त्यांत हाच मजकूर दाबून, आकडेबंद करून पाठवतात, पण आशय हाच राहतो.

मराठी अक्षरांचा पत्ता दुसरीकडे चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते, ती का हेही सांगून टाकतो. या पहिल्या ओळीत इंग्रजी मुळाक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं असतं. प्रत्येक बाइटमागे टक्का आणि दोन खुणा लागतात. ‘सौदे’ हा एवढासा शब्द त्यामुळे छत्तीस खुणांचा होतो.

आता मुख्य गोष्ट. या चिठ्ठीत बटण नाही, मेनू नाही, रंग नाही. ती बटण दाबून आली की कुणी हाताने लिहून पाठवली, हे सर्व्हरला चिठ्ठीवरून खात्रीने सांगता येत नाही. पाठवणाऱ्याच्या मनात आलं ते त्याने लिहिलं, आणि ते जसंच्या तसं आलं.

आधी एक पत्ता म्हणजे एक फाइल होती

वेबच्या सुरुवातीला हे सगळं सरळ होतं. १९९१च्या पहिल्या एचटीटीपीत ‘गेट’ हे एकच क्रियापद होतं, आणि पत्ता म्हणजे बहुधा सर्व्हरवरच्या फोल्डरमधली फाइल. राजारामपुरीत अमुक गल्ली, तमुक घर असं सांगावं तसं. फाइल असेल तर मिळेल, नसेल तर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’.

१९९३मध्ये सीजीआय नावाची सोय आली आणि पत्त्यावर तयार फाइलऐवजी प्रोग्रॅम चालवून त्याचं उत्तर पाठवता येऊ लागलं. १९९५मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची एक भाषा, सगळ्यांसाठी खुली केली. तिथेही सौदे बघायची एक फाइल, नोंदवायची दुसरी, पुसायची तिसरी अशीच रीत पडली.

छोट्या कामाला ही रीत आजही पुरते. पण फाइली शंभर झाल्या की प्रत्येकीच्या डोक्यावर ‘लॉगिन केलंय का’ ही तपासणी चिकटवावी लागते. नव्व्याण्णव ठिकाणी आठवण राहते आणि एका ठिकाणी राहत नाही. शिवाय फाइलचं नाव बदललं की जगभर पसरलेले जुने पत्ते तुटतात.

बारनिशी

जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यायला गेलेल्या कुणालाही बारनिशी माहीत असते. अर्ज कुळकायद्याचा असो, गौणखनिजाचा असो की आस्थापनेचा, तो आधी बारनिशीत जातो. तिथला कारकून शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो, वहीत नोंद करतो आणि कागद ज्या त्या टेबलाकडे पाठवतो. अर्जदाराने थेट आतल्या टेबलापाशी जाऊन कागद सरकवायचा नसतो.

मोठ्या वेबसाइटींनी हीच व्यवस्था घेतली. सगळ्या विनंत्या एकाच दारातून आत येतात. दारापाशी कोडचा एक तुकडा बसलेला असतो, त्याला राउटर म्हणतात. घरात वायफायसाठी भिंतीवर टांगलेला असतो तो वेगळा. हा नुसता कोड आहे. चिठ्ठीची पहिली ओळ वाचायची आणि ती कुठल्या मेथडकडे द्यायची हे ठरवायचं, एवढंच याचं काम. मेथड म्हणजे एक ठरलेलं काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा, आणि एका विषयाच्या मेथडी जिथे एकत्र ठेवतात तो क्लास. आपल्या उदाहरणात ‘सौदे’ हा क्लास म्हणजे एक खोली, आणि ‘पाहा’, ‘नोंदवा’, ‘पुसा’ ही त्या खोलीतली टेबलं. लॉगिनची तपासणी आता शंभर ठिकाणी नको, दाराशी एकदा केली की झालं.

एचटीटीपीत गेट-पोस्ट यांनाही इंग्रजीत मेथडच म्हणतात आणि नवखी मुलं तिथे हमखास गोंधळतात. म्हणून मी त्यांना क्रियापद म्हणतो आणि मेथड हा शब्द कोडच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो.

कारकुनाला टेबल कसं कळतं?

सगळी गोम इथे आहे. कारकून दोन तऱ्हांनी काम करू शकतो.

पहिल्या तऱ्हेत त्याच्या टेबलावरच्या काचेखाली तक्ता असतो. ‘असा असा अर्ज आला तर या टेबलाला.’ तक्त्यात नसलेला कागद परत. कार्यालयात कोणकोणते अर्ज चालतात हे तक्ता वाचला की कळतं.

दुसऱ्या तऱ्हेत तक्ताच नसतो. पाकिटावर जे नाव लिहिलंय ते कारकून मोठ्याने पुकारतो. त्या नावाचं टेबल आत असेल तर पाकीट तिकडे, नसेल तर परत. नवीन टेबल मांडलं की त्याच दिवसापासून त्याला टपाल सुरू. काचेखाली काही बदलायला नको.

ही दुसरी तऱ्हा म्हणजे गतिमान राउटिंग. रूबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) हे फ्रेमवर्क २००४मध्ये आलं आणि ‘क्लास, मेथड, क्रमांक’ असा सरळ साचा पत्त्यासाठी लोकप्रिय झाला. २००६मध्ये आलेल्या कोडइग्नायटर या पीएचपी फ्रेमवर्कनेही तोच धरला. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा.

/सौदे/पाहा/२५ ही चिठ्ठी आत येते तेव्हा काय घडतं ते सावकाश बघू. राउटर मार्ग तिरक्या रेघांपाशी तोडतो. हातात तीन शब्द येतात: सौदे, पाहा, २५. पहिल्या शब्दावरून तो ‘सौदे’ नावाचा क्लास शोधतो. सापडला की विचारतो, तुझ्यात ‘पाहा’ नावाची मेथड आहे का? आहे. मग उरलेला २५ तिच्या हातात देऊन तिला चालवतो. ती डेटाबेसातून पंचविसावा सौदा काढते, पान तयार करते आणि उत्तर परत जातं.

यातली खरी करामत म्हणजे नुसत्या अक्षरांवरून मेथड चालवणं. एरवी प्रोग्रॅम लिहिणारा कुठली मेथड कधी चालवायची हे कोडमध्येच पक्कं करतो. इथे मात्र ते नाव प्रोग्रॅम चालू असताना बाहेरून येतं. पीएचपीत मेथडचं नाव एखाद्या चलात (माहिती ठेवायच्या नाव दिलेल्या खणात) ठेवून त्या नावाने तिला हाक मारता येते. रूबी, पायथन, जावा या भाषांतही तशी सोय आहे. तालमीत वस्तादांनी नाव पुकारावं आणि त्या नावाचा पैलवान हौद्यात उतरावा, तसं. फरक एवढाच की इथे पुकारायचं नाव वस्ताद ठरवत नाहीत, बाहेर उभा असलेला अनोळखी माणूस ठरवतो.

मग पुसलं कुणी?

आता कागलच्या मुलाकडे परत येऊ. त्याने ‘पुसा’ ही मेथड लिहून ठेवली होती, बटण पुढच्या आठवड्यात ठेवणार होता. त्याच्या लेखी ती अजून वापरात नव्हती. राउटरच्या लेखी ती त्याच क्षणी वापरात आली होती, कारण ‘सौदे’ क्लासात त्या नावाची मेथड होती. बटण म्हणजे दारावरची पाटी. पाटी लावली नाही म्हणून दार बंद होत नाही.

लॉगिन का विचारलं नाही? त्याने एक तक्ताही लिहिला होता, आणि लॉगिनची तपासणी त्या तक्त्यातल्या ओळींना जोडली होती. पण एका व्हिडिओत बघून त्याने सेटिंगमधला स्वयंचलित मार्गही चालू केला होता. एकाच खोलीला दोन दारं झाली. तक्त्यातून येणाऱ्याला पहारेकरी अडवत होता आणि नाव पुकारून येणाऱ्याला कुणी विचारतही नव्हतं. त्याने वापरलेल्या कोडइग्नायटरच्या चौथ्या आवृत्तीच्या कागदपत्रांत या धोक्याचा इशारा आहे, आणि ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, स्वयंचलित मार्ग मुळात बंदच ठेवलेला असतो. हा त्याने हाताने उघडला होता.

हे नवशिक्याचं अडाणीपण समजू नका. फ्रेमवर्क बांधणारी अनुभवी माणसंही याच जागी चुकली आहेत. रेल्सची तिसरी आवृत्ती २०१०मध्ये आली, तेव्हा नव्या प्रोजेक्टच्या तक्त्यात नाव पुकारायचा हा सर्वभक्षी मार्ग बंद करून ठेवलेला असे. शेजारी टीप असे की हा उघडलात तर प्रत्येक क्लासातलं प्रत्येक काम ‘गेट’ने बाहेरून चालवता येईल.

जावाच्या स्ट्रट्स २ या फ्रेमवर्कमध्ये नावावरून मेथड निवडायची अशीच एक सोय होती. एप्रिल २०१६मध्ये तिच्यातलं मोठं भगदाड उघड झालं. ती सोय चालू असेल तर मेथडच्या नावाच्या जागी आलेला मजकूर समीकरणासारखा सोडवून पाहिला जात असे. त्यात हवी ती आज्ञा घालून सर्व्हरच ताब्यात घेता येत होता. डिसेंबर २०१८मध्ये थिंकपीएचपी या चीनमधल्या फ्रेमवर्कचं तसंच झालं. पत्त्यातून येणारं क्लासचं नाव पुरेसं तपासलं जात नव्हतं. त्यात उलटी तिरकी रेघ घालून फ्रेमवर्कच्या पोटातल्या क्लासाला हाक मारता येई, आणि त्या क्लासातली एक मेथड अशी होती की सांगाल ते फंक्शन चालवून देई. दुरुस्ती काय केली? नावात कुठली अक्षरं चालतील याची तपासणी घातली. बारनिशीतल्या कारकुनाने पाकिटावरचं नाव पुकारण्याआधी एकदा नीट वाचावं, एवढीच ती सुधारणा होती.

पत्ता बाहेरच्या माणसाच्या हातात असतो. त्यातल्या शब्दाने काय चालेल याचा निर्णय मात्र आपल्या यादीने करायला हवा. मुलांना मी वर्षभर हेच सांगत असतो.

क्रियापद वाचायचं विसरलं की

राउटरने मार्ग वाचला आणि क्रियापद नाही वाचलं, तर निम्मीच ओळ वाचली. ‘गेट’ म्हणजे दाखव. ‘पोस्ट’ म्हणजे हे घे आणि यावर काम कर. बदलायला ‘पुट’ किंवा ‘पॅच’, पुसायला ‘डिलीट’. ‘गेट’ने काही बदलू नये, नुसतं दाखवावं, हा संकेत १९९६च्या एचटीटीपी १.०च्या दस्तऐवजातच लिहिलेला आहे.

तो का पाळायचा, याचा धडा मे २००५मध्ये अनेकांना मिळाला. गूगलने वेब अ‍ॅक्सेलरेटर नावाचा प्रोग्रॅम काढला होता. तुम्ही पान वाचत असताना तो पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे पुढचं पान झटक्यात यावं. अनेक साइटींवर ‘पुसा’ ही साधी लिंक होती. प्रोग्रॅमने तीही उघडून ठेवली. बेसकॅम्प या कामाच्या साइटवर लोकांच्या नोंदी न मागता पुसल्या गेल्या आणि मोठा वाद झाला.

मला हा धडा वाचून कळला नाही, हातून चूक झाल्यावर कळला. एका दूध संस्थेसाठी मी संकलनाची नोंद ठेवणारी साइट केली होती. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, डिग्री, दर. यादीत प्रत्येक नोंदीपुढे ‘रद्द’ अशी साधी लिंक ठेवली होती. हिशेबाची पानं जपून ठेवावीत म्हणून तिथल्या एका कर्मचाऱ्याने सगळी साइट उतरवून घेणारा प्रोग्रॅम लावला. असा प्रोग्रॅम पानावरच्या प्रत्येक लिंकवर जातो, तोही गेला. सकाळचं अख्खं संकलन रद्द झालं. आदल्या रात्रीची प्रत होती, पण त्या सकाळच्या नोंदी कागदी पावत्यांवरून पुन्हा घालाव्या लागल्या. दुपारपर्यंत मी तिथेच बसून होतो. त्या कर्मचाऱ्याने काही चुकीचं केलं नव्हतं. चूक माझी होती.

म्हणून तक्त्यात मार्गाबरोबर क्रियापदही लिहायचं. ‘डिलीट असेल तरच पुसा.’ त्याच मार्गावर ‘गेट’ आलं तर उत्तर ४०५, म्हणजे पत्ता बरोबर आहे पण हे क्रियापद इथे चालत नाही. मामांच्या साइटवर एवढी ओळ असती आणि स्वयंचलित मार्ग बंद असता तर पट्टीत ‘पुसा’ लिहून काही झालं नसतं, कारण पट्टीतून नेहमी ‘गेट’च जातं.

तक्ता लिहीत बसायचं म्हणजे पाचशे ओळी नाही का होणार?

पहिला आक्षेप हाच येतो आणि तो रास्त आहे. पण तक्ता दाट लिहायच्या सोयी झाल्या आहेत. रेल्समध्ये ‘सौदे हा एक विषय आहे’ एवढी एक ओळ लिहिली की यादी, नवीन अर्ज, नोंद, एकाचं पान, दुरुस्तीचा अर्ज, दुरुस्ती, पुसणं ही सात ठरलेली कामं योग्य क्रियापदांसह जोडली जातात. नको असतील ती वगळताही येतात. पायथनच्या फ्लास्कमध्ये मेथडच्या डोक्यावरच तिचा मार्ग लिहितात. जावाच्या स्प्रिंगमध्येही तसंच. तक्ता वेगळ्या कागदावर नसून प्रत्येक टेबलाला चिकटवलेला असतो. चिकटवला नसेल त्या टेबलाला टपाल जात नाही. मला ही रीत सगळ्यांत आवडते, कारण कोड वाचतानाच दार कुठे आहे ते दिसतं.

एवढ्या ओळी चाळताना साइट मंदावणार नाही?

पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकेक जुळवत जाणारे राउटर आहेत. तक्ता फार लांबला तर थोडा फरक पडतो. पण चांगले राउटर पिनकोडसारखं काम करतात. टपाल वेगळं करणारा देशातल्या सगळ्या गावांची यादी वाचत नाही. पहिला आकडा ४ बघून तो एका विभागाकडे वळतो, १ आणि ६ बघून ४१६च्या गठ्ठ्याकडे. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी सगळी त्यातच. उरलेले आकडे नेमक्या टपाल कार्यालयाशी पोचवतात. राउटरही ‘/सौदे’ने सुरू होणाऱ्या सगळ्या मार्गांचा एक गठ्ठा आधीच बांधून ठेवतो, म्हणजे ‘/शेतकरी’ची विनंती त्या गठ्ठ्याला हातही लावत नाही. आणि खरं सांगायचं तर, डेटाबेसाकडे एक फेरी मारायला जो वेळ लागतो त्यापुढे हा वेळ किरकोळ आहे. साइट मंद असेल तर आधी तिकडे बघा.

पत्ता कुणाला सांगितलाच नाही तर?

‘पुसा’ऐवजी काहीतरी विचित्र नाव ठेवलं, कुठे लिंक दिली नाही, मग कोण ओळखणार? हेही मुलं विचारतात. त्यांना मी नव्या कोऱ्या सर्व्हरची नोंदवही उघडून दाखवतो. साइट सुरू होऊन दिवस झाला नाही, कुणाला पत्ता दिलेला नाही, तरी अनोळखी ठिकाणांहून विनंत्या आलेल्या असतात. वर्डप्रेसच्या लॉगिनचं पान आहे का, अ‍ॅडमिनचं पान आहे का, बॅकअपची फाइल उघडी राहिली आहे का. ही माणसं नव्हेत, दारोदार कडी वाजवत फिरणारे प्रोग्रॅम आहेत. लपवलेलं नाव उशिरा का होईना, कुणाच्या तरी अंदाजात बसतं.

तक्ता केला म्हणजे सगळं सुरक्षित झालं का?

नाही, आणि इथे मला जरा ठासून सांगायचंय. बारनिशी कागद टेबलापर्यंत पोचवते. अर्जदाराचा त्या जमिनीवर हक्क आहे का, हे टेबलावरच्या माणसानेच तपासायचं असतं. /सौदे/पाहा/२५ हा मार्ग तक्त्यात आहे, क्रियापद बरोबर आहे, लॉगिनही केलंय. पण पंचविसावा सौदा या शेतकऱ्याचा आहे का? पट्टीत २५चे २६ केले की शेजारच्याचा दर आणि वजन दिसत असेल, तर राउटरचा दोष नाही. ‘पाहा’ मेथडने विचारायला हवं होतं. आकडा बदलून दुसऱ्याची माहिती दिसल्याच्या ज्या बातम्या अधूनमधून येतात, त्यात बहुतेकदा हेच घडलेलं असतं.

तक्त्याच्या स्वतःच्याही खोड्या आहेत. पुष्कळ राउटर वरून खाली वाचतात आणि पहिली जुळलेली ओळ धरतात. कुणी वर ‘/सौदे/ पुढे काहीही’ अशी ओळ लिहिली आणि खाली ‘/सौदे/आजचे’ लिहिली, की ‘आजचे’ हा शब्द वरच्याच ओळीत अडकतो. मेथड ‘आजचे’ या क्रमांकाचा सौदा शोधत बसते आणि तो सापडत नाही. यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे दोन तास गेले होते. नेमका मार्ग वर लिहावा, सैल मार्ग खाली, आणि ‘काहीही’च्या जागी ‘फक्त आकडे’ असं बंधन घालावं. हे बंधन दुहेरी उपयोगाचं आहे, कारण आकड्याच्या जागी भलतंच लिहून पाठवणारा दारातूनच परत जातो.

मग नाव पुकारायची रीत टाकूनच द्यायची?

मी तसं म्हणणार नाही. एका माणसाने दोन दिवसांत उभं करायचं काम असेल, दर तासाला नवीन मेथड लिहून बघायची असेल, तर ती सोय मोलाची आहे. मीही याच रीतीने शिकलो. पण तिच्याभोवती कुंपण हवं. बाहेरून चालवायच्या मेथडी आणि आतल्या मदतनीस मेथडी वेगळ्या ठेवायच्या, मदतनीस खाजगी घोषित करायच्या. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसीत मेथडवर ‘ही बाहेरून चालवायची नाही’ अशी खूण करता येते. ती खूण करायला विसरलात तर दार उघडं राहतं, हे मात्र लक्षात असू द्या. कोडइग्नायटरने ४.२मध्ये स्वयंचलित मार्गाचं सुधारलेलं रूप दिलं, ते मला जास्त पटतं. त्यात मेथडच्या नावातच क्रियापद असावं लागतं. ‘गेट’ या शब्दाने सुरू होणारी मेथड ‘गेट’नेच चालते, ‘पोस्ट’ने सुरू होणारी ‘पोस्ट’नेच. नावात क्रियापद नसलेली मेथड बाहेरून दिसतच नाही. विसरलात तर दार बंद राहतं. माणूस विसरणार हे धरून ही रचना केली आहे.

कागलच्या मुलाने काय केलं

त्या संध्याकाळी आम्ही आधी स्वयंचलित मार्ग बंद केला नाही. तो चालू असतानाच, बाहेरून नेमकं काय काय चालवता येतंय याची यादी काढायला सांगितली. फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा असते. रेल्समध्ये आहे, लाराव्हेलमध्ये आहे, कोडइग्नायटरमध्येही आहे. मी विचारलं, किती ओळी येतील? तो म्हणाला, बारा. आल्या एकतीस.

खालच्या झेरॉक्सवाल्याकडून ती छापून आणली आणि पेन घेऊन बसलो. प्रत्येक ओळीपाशी तीनच प्रश्न. हे बाहेरून चालायला हवं का? कुठल्या क्रियापदाने? कुणाला? दराची सरासरी काढणारी मदतनीस मेथड यादीत होती, ती खाजगी केली. रव्यांचं वजन क्विंटलमध्ये करणारी होती, तीही. ‘पुसा’ तक्त्यात घेतली, फक्त ‘डिलीट’साठी आणि फक्त मामांच्या लॉगिनला.

तेविसाव्या ओळीपाशी तो थांबला. ‘चाचणी’ क्लास, ‘सगळं रिकामं करा’ मेथड. ऑगस्टमध्ये एका रात्री खोट्या नोंदी झटपट काढून टाकायला त्याने ती लिहिली होती आणि विसरून गेला होता. मुहूर्ताच्या सौद्यांपासूनच्या खऱ्या नोंदी आता त्याच डेटाबेसात होत्या.

त्याने ती खाजगी केली नाही. फाइल उघडून मेथडच काढून टाकली, साइट पुन्हा चढवली, पट्टीत तो पत्ता स्वतः लिहून पाहिला. ४०४ आलं. मग आम्ही चोविसाव्या ओळीवर गेलो.